गाळ कोणी काढायचा?

मुंबईहून निघालेली विदर्भ एक्स्प्रेस साडेनऊशेहून अधिक किलोमीटर धावून गोंदियाला थांबते. तिथून कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागले की वाटेत तालुक्याचे ठिकाण असलेले गोरेगाव येते. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात खाऱ्या पाण्याचा विषय काढणे विचित्र वाटेल. विदर्भात खारे पाणी आहे ते पश्चिमेला, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणि लोणारच्या विवरात. गोरेगावच्या वाट्याला आले ते तलावांचे आणि बोड्यांचे, म्हणजे लहान तळ्यांचे, गोडे पाणी.

तरीही समुद्री शेवाळाच्या साहाय्याने पाण्यातले शिसे, कॅडमियम, तांबे काढून घेण्याचे जे शास्त्र गेल्या अर्धशतकात उभे राहिले, त्याची गाडी ज्या ठिकाणी अडली ती जागा इथल्या जुन्या शेतकऱ्याला ओळखीची वाटली असती. वनस्पती पाण्यातले नको ते धरून ठेवते, इथपर्यंत सगळे ठीक. पण मग ती वनस्पती बाहेर कोणी काढायची, आणि काढली तर टाकायची कुठे?

पूर्व विदर्भात पाऊस कमी नाही. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या पुढे पाणी पडते. पण ते चार महिन्यांत कोसळते आणि उताराने वैनगंगेकडे निघून जाते. धानाला रोवणीपासून लोंब भरेपर्यंत बांधीत पाणी हवे. ऐन सप्टेंबरात पावसाने दडी मारली की हातातोंडाशी आलेले पीक जाते. या अडचणीतून तलाव आले. उताराला आडवी मातीची पाळ, जादा पाणी सुखरूप निघून जावे म्हणून एका टोकाला सलंग, शेताला पाणी सोडायला तुडुम. वरचा तलाव भरून ओसंडला की पाणी खालच्या तलावात, तिथून पुढच्या बोडीत. एकेका खोऱ्यात अशी माळच असे, आणि वरच्या गावाने पाळ नीट राखली तरच खालच्या गावाचे धान पिकत असे.

हे तलाव बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव पहिले घेतले जाते. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात कोहळ्यांची ओळख तलाव बांधण्यात आणि ऊस पिकवण्यात निष्णात असलेले शेतकरी अशीच आहे. त्यांच्यात एक कथा चालत आली आहे : चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, एक गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथल्या लोकांचे तलाव बांधण्याचे कसब त्याने पाहिले आणि त्यांना आपल्या मुलखात बोलावून घेतले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असेही परंपरा सांगते. गोरेगाव, आमगाव, तिरोडा या पट्ट्यात पोवारांची वस्ती दाट आहे. धानाच्या बांध्या आखून पाणी खेळवण्यात त्यांचाही हातखंडा होता. पाळ एका समाजाने घालावी, पाण्यातला मासा आणि शिंगाडा ढिवरांनी काढावा, तलावाच्या पाण्यावर भिजणारी जमीन तिसऱ्याने कसावी, असा हा एकमेकांत गुंतलेला व्यवहार होता.

राजसत्तेनेही त्याला खतपाणी घातले. चांद्याच्या हीरशहा राजाबद्दल सांगतात की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन तो देत असे. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहराच्या एका भागाचे नाव आजही तुकूम आहे. १८५३ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत गावाचा सारा गोळा करणारे मालगुजार गावाचे मालक ठरले. तलाव त्यांच्या नावावर चढले. गावकऱ्यांचे पाण्यावरचे, चराईवरचे, जळणावरचे हक्क मात्र निस्तार पत्रकात नोंदले गेले. कागदावर मालक एक, वापरणारे सगळे गाव, अशी ही रचना होती. तिच्यात वेठ होती, जुलूम होता. पण पाळ फुटली तर मालगुजाराचेच उत्पन्न बुडे. त्यामुळे दुरुस्ती वेळेवर होत असे.

या तलावांत पाण्याइतकेच महत्त्व होते हिरवाईला. काठाच्या उथळ भागात लव्हाळे आणि आपोआप उगवणारे देवधान. थोडे आत गेले की पाण्यावर पाने पसरणारी कमळे आणि कुमुदिनी. आणखी खोल भागात पूर्ण पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती; वनस्पतिशास्त्रात त्यांना हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम अशी नावे आहेत. काठच्या मुळांत वाहून आलेली माती अडकते. पाण्याखालच्या पानांत मासे अंडी घालतात, पिले लपतात. मरळ आणि मागूर यांच्यासारखे स्थानिक मासे याच आडोशावर जगतात. या पाणवनस्पती मुळांप्रमाणेच पानांनीही पाण्यातली द्रव्ये ओढून घेतात. त्यात नत्र आणि स्फुरद असते, तसे पाण्यात असतील तर धातूही असतात.

पावसाळ्यात माजलेली ही हिरवाई उन्हाळ्यात पाणी ओसरले की चिखलात आडवी होते, कुजते आणि गाळ बनते. इथेच शेतकरी पुढे सरसावत असे. तलावाचे पोट उघडे पडले की गाडीबैल जुंपून गाळ काढायचा आणि धानाच्या बांधीत नेऊन पसरायचा. कुजलेली पाने, शेण, येव्यातून आलेली बारीक माती असा हा गाळ पीक जोमदार आणतो, हे त्याला माहीत होते. ओलाव्यावर उगवलेले गवत गुरे खात. शिंगाडे आणि मासे टोपल्यांतून बाजारात जात. पाण्याने वर्षभर जे साठवले ते दरवर्षी तलावाबाहेर पडत राही. याला कोणी सफाई म्हणत नव्हते. कामामागे खताचा लोभ होता, आणि त्या लोभापायी तलावाची खोली आपोआप राखली जात होती.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालकी हक्क रद्द झाले आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून ते माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात मामा तलाव. जुलमी मालक गेला हे चांगलेच झाले. पण पाळीवर उभे राहून दुरुस्तीचा हुकूम सोडणाराही गेला आणि त्याची जागा कोणी घेतली नाही. पुढे सिंचन एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे, काठची जमीन तिसऱ्याकडे, अशी वाटणी झाली. विहिरी आणि मोटारपंप आले, रासायनिक खताची पोती आली, आणि गाळाची गाडी थांबली. मत्स्यशेतीसाठी रोहू, कतला, मृगळ सोडले गेले. त्यांच्या जोडीला वनस्पती फस्त करणारा गवत्याही आला. पाण्याखालची झाडी विरळ झाली, तशी उघड्या चिखलात आणि पाळीवर बेशरमाची झुडपे फोफावली. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर कित्येक तलाव निम्मे बुजले होते.

गोंदियाचे तलाव असे बेवारस होत होते, त्याच काळात समुद्रकाठी धातूंचे संकट उघड होत होते. जपानमधल्या मिनामाता या किनारी गावात १९५६ मध्ये एका अनोळखी आजाराची अधिकृत नोंद झाली. लोकांचे हातपाय थरथरत, दृष्टी जात असे, मांजरे वेडीपिशी होऊन मरत. रासायनिक कारखान्याने खाडीत सोडलेला पारा माशांतून माणसांत पोचला होता, हे हळूहळू सिद्ध झाले. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये मंडळ नेमले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला.

मराठी-कोकणी मुलखात समुद्री वनस्पतींतल्या धातूंचा शोध सुरू झाला तो गोव्यात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली. तिचे मुख्यालय दोना पावला इथे आहे. झिंगडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरच्या आणि खाड्यांमधल्या वनस्पती व जीवांतले आर्सेनिक, तांबे, जस्त आणि मँगनीज मोजून प्रसिद्ध केले. पाठोपाठ १९७८ मध्ये अगडी, भोसले आणि उंटवाले यांचा गोव्याच्या समुद्री शेवाळांतल्या धातूंवरचा निबंध आला. तेव्हा मांडवी आणि झुआरीतून खनिजाने भरलेले बार्ज मुरगाव बंदराकडे जात होते. मँगनीज गोंदियालाही परके नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी आहेत. फर्मर या भूशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हा सगळा पट्टा येतो. शेजारच्या बालाघाटचे खनिजही रेल्वेने गोंदियाकडे येत असे.

समुद्री शेवाळ आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त धातू अंगात बाळगते, ही गोष्ट नवी नव्हती. १८११ मध्ये कुर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला आयोडीन सापडले ते शेवाळाच्या राखेतच. १८८१ मध्ये स्कॉटलंडमध्ये काम करणाऱ्या स्टॅनफर्डने तपकिरी शेवाळातून अल्जिनिक आम्ल वेगळे काढले. त्याचे क्षार आज आइस्क्रीमपासून जखमेच्या पट्टीपर्यंत सगळीकडे असतात. कोकणात आणि गोव्यात खडकांवर वाढणाऱ्या सरगॅसमच्या पेशीभित्तीत हेच द्रव्य भरलेले असते. धातू पकडण्याची किमया त्याचीच. १९७३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी त्याच्या रचनेचे चित्र मांडले : अल्जिनेटच्या दोन नागमोडी साखळ्या समोरासमोर आल्या की मधे खळगे तयार होतात आणि अंड्यांच्या खोक्यात अंडी बसावीत तसे कॅल्शियमचे अणू त्यात बसतात. शिसे किंवा कॅडमियम आले की ते कॅल्शियमला उठवून त्याची जागा घेते.

यासाठी शेवाळ जिवंत असण्याची गरज नाही, हा पुढचा शोध. वाळवून, धुऊन, दळून नळकांड्यात भरलेले सरगॅसमही धातू धरते. त्याला खायला घालावे लागत नाही आणि विषाने ते मरण्याचा प्रश्नच नसतो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्होलेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतर या विषयाचा पिच्छा पुरवला. वाळलेल्या सरगॅसमच्या एका ग्रॅमने दोनशे मिलिग्रॅमहून अधिक शिसे धरल्याच्या नोंदी या काळातल्या आहेत. पाणी किंचित आम्ल असेल तर काम उत्तम होते; आम्लता फार वाढली की हायड्रोजनच सगळ्या जागा अडवून बसतो. याच गुणाचा उलटा उपयोगही होतो. भरलेल्या शेवाळावरून पातळ आम्ल सोडले की धातू सुटून येतो आणि तेच शेवाळ पुन्हा वापरता येते.

मग घोडे अडले कुठे? पहिले कारण मीठच. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यात कॅल्शियम सुमारे चारशे मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम तेराशेच्या घरात. घातक धातू असतात ते मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. जागा मोजक्या आणि दावेदार लाखो. मग विषाचा अणू मागे पडतो. गोड्या पाण्यात ज्या शेवाळाने कमाल केली, त्याचे काम खाऱ्या पाण्यात मंदावते. शिसे आणि तांबे घट्ट चिकटतात म्हणून त्यांचे थोडेफार निभते. कॅडमियम आणि जस्ताचे अवघड जाते. म्हणून अख्खी खाडी साफ करण्याची भाषा प्रयोगशाळेबाहेर टिकली नाही. खरा उपयोग राहिला तो कारखान्याच्या तोंडाशी, धातू दाट असलेले सांडपाणी समुद्रात मिसळण्याआधी अडवण्याचा.

दुसरे कारण पैशाचे आणि जबाबदारीचे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका कंपनीने शेवाळापासून बनवलेले अल्गासॉर्ब नावाचे उत्पादन बाजारात आणले. पण दर खेपेला सारख्याच गुणाची निघणारी कृत्रिम रेझिने कारखानदारांना सोयीची वाटली. शिवाय आम्लाने सोडवलेला धातू द्रावणात उरतोच. तो वेगळा काढून वापरात आणला नाही, तर एका टाकीतले विष दुसऱ्या टाकीत गेले, एवढेच होते. खुल्या समुद्रात तर तेवढीही सोय नाही. कोकण-गोव्याच्या खडकांवरचे शेवाळ पावसाळ्यानंतर वाढते आणि पुढच्या पावसाळ्यात लाटांनी उपटून निघते. कुजताना ते अंगातले बरेच काही पाण्याला आणि चिखलाला परत करते. मधल्या काळात कोणी ते कापून नेले नाही तर वर्षभराच्या साठवणीचा उपयोग शून्य.

गोंदियाच्या तलावांशी या शास्त्राची गाठ पडते ती लखनौमार्गे. तिथल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत हायड्रिला आणि सेराटोफायलम यांच्यावर भरपूर प्रयोग झाले. शिसे, कॅडमियम, क्रोमियम या वनस्पती पानांतून शोषतात, हे त्यातून दिसले. म्हणजे नवेगाव-गोरेगावच्या गोड्या पाण्यातली झाडीही समुद्री सरगॅसमसारखी धातू धरते, आणि तिच्यापुढे मिठाची अडचणही नाही. नागपूरच्या नीरी या संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली. तिच्यात दगड-खडीच्या थरात पाणकणीस, नळ, कर्दळ लावून सांडपाणी त्यांच्या मुळांमधून फिरवतात. पण तिथेही वाढलेली झाडे ठरावीक काळाने छाटून न्यावी लागतात. जलपर्णीचेही तेच. १९७० नंतर नासाच्या मिसिसिपीतल्या केंद्रात वुल्व्हर्टन यांनी तिच्याकडून सांडपाणी स्वच्छ करून दाखवले, पण वाढ काढत राहण्याच्या अटीवर. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून गोसेखुर्दच्या जलाशयापर्यंत येते. त्या फुगवट्यावर पसरलेली जलपर्णी पोषण भरपूर घेते, पण जागेवरच कुजली की घेतलेले सगळे तिथेच सोडते.

उजाड झालेल्या तलावांत ही झाडी पुन्हा आणण्याचे काम जिल्ह्यातच झाले आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाला सोबत घेतले. त्यांनी आधी बेशरम मुळासकट काढली, तलावाचे पोट नांगरले आणि मग ढिवरांना ठाऊक असलेल्या स्थानिक पाणवनस्पती लावल्या. या कामात बायांचा वाटा मोठा होता. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर जगते आणि कोणता मासा तिच्याजवळ येतो, हे ज्ञान त्यांच्याकडे होते. झाडी आली तसे स्थानिक मासेही परतले. वैनगंगेच्या खोऱ्यात धातूंचा विचार करण्याआधी करायचे काम हेच आहे. जिवंत तलाव आधी हवा. मेलेल्या पाण्यात वनस्पतीही तग धरत नाहीत.

२०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली आणि गाडीबैलांच्या जागी जेसीबी व टिप्पर आले. जुनी रीत नव्या यंत्राने परत आली, ही चांगली गोष्ट. फरक एवढाच की मालगुजाराच्या काळातल्या गाळात पालापाचोळा आणि शेण होते. आज गावाच्या नाल्या तलावात उतरतात, फेकलेल्या बॅटऱ्या येव्यातून वाहत येतात. रंगवलेल्या गणपती-दुर्गांचे विसर्जनही तलावातच होते. मूर्तींच्या रंगांत शिसे आणि क्रोमियम असू शकते, म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाचे नियम २०१० मध्ये काढले आणि २०२० मध्ये कडक केले. वनस्पतींनी आणि चिखलाने हे धातू धरून ठेवले असतील, तर ते गाळाबरोबर थेट धानाच्या बांधीत जाणार. कॅडमियम दाण्यापर्यंत पोचवण्यात भात हे पीक पुढे असते. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या लोकांची हाडे ठिसूळ झाली ती अशाच तांदळाने.

म्हणून गोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामसभेत गाळ काढण्याचा ठराव आला तर तो जरूर मंजूर करावा, पण सोबत आणखी दोन ठराव घ्यावेत. मूर्तींसाठी तलावाबाहेर वेगळी टाकी असावी. आणि ज्या तलावात नाली उतरते किंवा विसर्जन होते, त्याचा गाळ बांधीत जाण्याआधी प्रयोगशाळेत जावा. तिथे एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागेल. मृद आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश असतात. जस्त, लोह, तांबे, मँगनीजही असतात. शिसे आणि कॅडमियम त्यात नसतात. त्यांची तपासणी वेगळी मागावी लागते.